मुलगा मोठा झाला, आता माया दाखवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. मुलगा अलीकडे अंगाला हात लावू देत नाही, दार लावून बसतो, विचारलं तर "काही नाही" एवढंच म्हणतो. बहिणीला मांडीवर घेतलेलं दिसलं की मात्र "तिचेच लाड चाललेत" असं पुटपुटतो. त्याला माया हवी आहे की नकोय, हेच आईला उमगेना. आणि चार-पाच वर्षांनी तो घराबाहेर पडेल तेव्हा काय, ही धास्ती वेगळी.

आधी सरळ उत्तर देतो. त्याला माया हवी आहे. "तिचेच लाड" म्हणणाऱ्या मुलानं लाडांवरचा आपला हक्क सोडलेला नसतो. त्याला नको झालाय तो मायेचा जुना साचा: चारचौघांत जवळ घेणं, गाल ओढणं, घरात पाऊल टाकताच प्रश्नांची सरबत्ती. माया आटवायची नाही. ती कुठे, कधी, किती वेळ आणि कोणासमोर दाखवायची, तेवढं बदलायचं.

आईचा हात मुलाच्या वयापेक्षा साधारण दोन-तीन वर्षं मागे चालतो. सहा वर्षांच्या मुलाला ती चारचा समजून कपडे चढवते, चौदाच्याला अकराचा समजून उलटतपासणी घेते. यात दोष कोणाचा नाही. वर्षानुवर्षांची सवय वाढदिवसाच्या तारखेला सुटत नाही. पण "आईला माझं काही कळतच नाही" असं मुलं म्हणतात, तेव्हा बहुतेकदा त्यांना हाच दोन-तीन वर्षांचा फरक टोचत असतो. खाली जे लिहिलं आहे ते सगळं हा फरक कमी करण्याबद्दल आहे.

सुरुवात स्पर्शानं का होते, हे थोडं सांगतो, कारण पुढचं त्यावर उभं आहे. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं. पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्याच अंतरावर. आईचा आवाज ते पोटात असल्यापासून ऐकत आलेलं असतं, आणि जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा तो त्याला अधिक हवासा वाटतो, हे १९८०मध्ये प्रयोगानं दिसलं. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८मध्ये माकडांच्या पिल्लांबद्दल जे मांडलं ते तर आजही विसरू नये: दूध तारेच्या सांगाड्याला लावलेलं असलं तरी पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ मऊ कापडाच्या "आई"ला बिलगून काढत. पोट भरणं ही एक गोष्ट आणि ऊब मिळणं ही दुसरी. हा मुद्दा पुढे "जेवलास का?"पाशी परत येईल.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७०च्या दशकातला प्रयोगही इथे कामाचा आहे. आई बाळाशी हसतखेळत असते, मग सांगितल्याप्रमाणे चेहरा एकदम निश्चल करते. बाळ आधी हसून बघतं, हात उंचावतं, आवाज काढतं, आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं किंवा रडू लागतं. फोनकडे बघत "हं, हं" म्हणणारा चेहरा मुलाला असाच दिसतो, आणि चौदाव्या वर्षीही तसाच दिसतो. पण ट्रॉनिक यांच्याच कामातून आलेली दुसरी बाजू आयांना कोणी सांगत नाही: ठणठणीत नात्यातही आई आणि बाळाचा सूर जुळलेला असण्याचा वेळ सुमारे ३० टक्केच भरतो. उरलेल्या वेळात सूर चुकतो आणि पुन्हा लावला जातो. या पुन्हा लावण्यातूनच मुलाला कळतं की तुटलेलं सांधता येतं. तेव्हा आत्तापर्यंत काय काय चुकलं याचा हिशेब मांडत बसू नका.

आता धाकटीकडे. तिचं सोपं आहे, पण सोपं म्हणून आपोआप होतं असं नाही.

सहाव्या वर्षी स्पर्श भरपूर लागतो. दिवसाला इतक्या मिठ्या हव्यात, तितक्या हव्यात असले आकडे फिरत असतात. ते सोडून द्या. मूल स्वतः येऊन बिलगतं तेव्हा त्यानं सोडेपर्यंत आपण सोडायचं नाही, एवढं एक धोरण पुरतं. बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या आत ते आपणहून निघून जातं. उलट बाजूही सांभाळा: नातेवाइकाला किंवा पाहुण्याला मिठी द्यायची की नाही, पापा घेऊ द्यायचा की नाही, हे तिनं ठरवायचं. तुमची मिठीसुद्धा एखाद्या वेळी तिला नको असेल तर "बरं" म्हणून सोडायची. नको म्हटल्यावर आईसुद्धा थांबते, हा धडा पुढे तिचं रक्षण करतो.

स्पर्शाच्या जोडीला या वयात अखंड लक्ष लागू लागतं. दिवसभर तिच्या आसपास वावरणं म्हणजे लक्ष नव्हे. रोज १० ते १५ मिनिटं पुरतात, पण ती सबंध तिची असावीत. फोन दुसऱ्या खोलीत. पालथा ठेवलेला फोनही डोळा ओढतो. खेळ तिनं निवडायचा. आपण शिकवायचं नाही, चुका दुरुस्त करायच्या नाहीत, "सांग बरं, हा कोणता रंग?" अशी परीक्षा घ्यायची नाही. ती जे करते आहे ते शब्दांत म्हणायचं: "मोठा ठोकळा खाली ठेवलास, छोटा वर." संपायच्या दोन मिनिटं आधी कल्पना द्यायची आणि वेळ झाली की खरंच थांबायचं. रोज तीच वेळ असली तर ती दिवसभर त्या वेळेच्या भरवशावर राहते आणि एरवीची चिकटाचिकटी कमी होते.

हे दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, पाचव्या मिनिटाला खेळाची शिकवणी होते. दुसरं जास्त वाईट: ती वाईट वागली म्हणून शिक्षा म्हणून हाच वेळ कापला जातो. ताप चढला म्हणून औषध बंद करावं, तसं हे आहे. खेळणं काढून घ्या, टीव्ही बंद करा, चूक निस्तरायला लावा. ही १५ मिनिटं मात्र ज्या दिवशी ती सर्वांत बिथरली त्या दिवशीही झालीच पाहिजेत.

कौतुकाची भाषाही तपासा. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांच्या १९९८च्या प्रयोगांत ज्या मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं गेलं, त्यांनी पुढे सोपी कामं निवडली, अपयश आल्यावर लवकर हात टेकले आणि आपल्याला किती गुण मिळाले हे सांगताना खोटंही जास्त सांगितलं. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं ती टिकून राहिली. माझ्या मते यातला खरा अर्थ असा की मुलाला शिक्का नको असतो, पाहिलं गेल्याची खूण हवी असते. "वा, छान चित्र" ऐवजी "आभाळाला तीन वेगळे निळे वापरलेस" म्हणा. दुसरं वाक्य चित्राकडे न बघता म्हणताच येत नाही.

आणि अबोला. "असं केलंस तर आई तुझ्याशी बोलणार नाही", "जा, तू माझी नाहीस" ही वाक्यं लगेच लागू पडतात, म्हणूनच ती जिभेवर बसतात. आव्ही असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांनी २००४मध्ये नेमकं हेच तपासलं: जिथे माया वागण्याच्या अटीवर मिळते तिथे मुलं सांगितलेलं करतात खरी, पण मनातून ओढून ताणून करतात आणि आईवडिलांबद्दल अढी बाळगतात. आईला राग येणारच. तो असा सांगता येतो: "मी आत्ता चिडले आहे. दहा मिनिटं मला एकटी सोड, मग बोलू." या वाक्यात राग आहे, मुदत आहे आणि परत येण्याचा शब्दही आहे. अबोल्यात मुदत नसते; मूल त्या न संपणाऱ्या वेळालाच घाबरतं.

एक सूचना देऊन पुढे जातो. मुलींमध्ये वयात येण्याच्या खुणा ८ ते १३ या वयात कधीही सुरू होऊ शकतात, मुलांमध्ये ९ ते १४. म्हणजे धाकटीबाबत तुमच्या हातात कदाचित दोनच वर्षं आहेत. अंघोळ, कपडे बदलणं, दार लावणं या गोष्टी तिच्या हाती सोपवायला आत्तापासून लागा आणि शरीरातल्या बदलांबद्दल ते बदल होण्याआधी बोला. नंतर सांगितलेलं समजावल्यासारखं वाटत नाही, पकडल्यासारखं वाटतं.

आता मोठा. खरा प्रश्न त्याचाच आहे.

तो दूर सरकतो याचं कारण आधी नीट समजून घ्या, म्हणजे मनाला लावून घेणार नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये मेंदूच्या तपासणीतून दाखवलं की लहान मुलांच्या मेंदूतले आनंदाशी आणि महत्त्व देण्याशी संबंधित भाग आईच्या आवाजाला अधिक प्रतिसाद देतात, आणि साधारण १३व्या वर्षानंतर तेच भाग अनोळखी आवाजांना अधिक प्रतिसाद देऊ लागतात. आईचा आवाज ओळखण्यात ही मुलं चुकत नाहीत. त्यांचे कान बाहेरच्या जगाकडे वळलेले असतात, इतकंच. पुढे घर सोडून चार माणसांत उभं राहायचं तर हे वळण लागतंच. तुम्ही तीनदा हाक मारता आणि त्याला ऐकू येत नाही, त्यात उद्धटपणा थोडा असेल, पण सगळा नसतो.

दुसरं कारण झोपेचं. या वयात शरीराचं घड्याळ एक-दोन तासांनी पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. झोपेची गरज मात्र ८ ते १० तास राहतेच. परिणाम असा की सकाळी तो माणसात नसतो, शाळेतून येतो तेव्हा दमलेला असतो, आणि रात्री दहानंतर, नेमकी तुमची शक्ती संपलेली असताना, त्याला कंठ फुटतो. बहुतेक आया सकाळी आणि दारात बोलायला जातात, म्हणजे दोन्ही पडक्या वेळा निवडतात. सकाळी फक्त कामाचं बोला, तेही मोजकं. दारातून आत आल्यावर पहिली २० मिनिटं एकही प्रश्न नको. "आलास? बरं झालं", पुरे. आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी दहा मिनिटं त्याच्या आसपास, हाताला काहीतरी काम घेऊन, सहज उपलब्ध राहा. बोलला तर बोलला.

बोलणं समोरासमोर बसून होत नाही, हेही ध्यानात ठेवा. "ये, बस, तुझ्याशी बोलायचंय" म्हटलं की चौदा वर्षांच्या मुलाला खटला भरल्यासारखं वाटतं. शेजारी शेजारी असताना, नजर दुसरीकडे असताना तोंड उघडतं: चालताना, गाडीत, कपड्यांच्या घड्या घालताना, काही दुरुस्त करताना. मधली शांतता भरून काढायची घाई करू नका. त्या शांततेत तो पुढचं वाक्य जुळवत असतो.

मुलाचं काय चाललंय हे आईला कळतं ते कसं? हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २०००मध्ये स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास मांडला. आईवडिलांना जी माहिती होती ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे होती. खोदून विचारल्यानं किंवा पाळत ठेवल्यानं फारसं हाती लागत नव्हतं. म्हणून त्याचा फोन चाळण्यापेक्षा त्याला सांगावंसं वाटेल, असं आपलं ऐकणं ठेवणं जास्त फायद्याचं. (जिवाला धोका असल्याची ठोस शंका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बघावं, आणि बघितलं हे त्याला सांगावंही.)

तोंड बंद करणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली, लगेच सल्ला. मित्रानं दगा दिला असं तो सांगतो आणि आपण दुसऱ्याच वाक्यात "मग तू त्याच्याशी बोलूच नकोस" म्हणतो. आधी विचारा: "तुला उपाय हवाय, की नुसतं ऐकू?" हे विचारायला जड वाटतं, पण बहुतेक भांडणं इथेच वाचतात. दुसरी, घाबरणं. त्यानं सांगितल्यावर तुमचा चेहरा पडला, आवाज चढला, तर पुढच्या वेळी तो तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प बसेल. मनात काहीही होवो, पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" हेच असू दे. तिसरी, बाहेर पोचवणं. त्यानं तुम्हाला सांगितलेली गोष्ट मावशीच्या तोंडून त्याला परत ऐकू आली, की तो झरा आटला. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असली तरी त्याला विचारल्याशिवाय ती कोणालाही सांगायची नाही.

प्रश्नांची जातही बदला. "कसा गेला दिवस?" याला "ठीक" याखेरीज उत्तर नसतं. प्रश्नाऐवजी विधान टाकून बघा: "आज दमलेला दिसतोस." किंवा स्वतःच्या दिवसातली एक छोटी, जराशी फजितीची गोष्ट सांगा आणि थांबा. त्याला ज्यात रस आहे त्यातलं काही शिकवायला सांगा आणि खरोखर शिका. आपल्याला काही येत नाही आणि त्याला येतं, अशी जागा या वयाच्या मुलाला फार आवडते.

स्पर्श थांबवू नका, लहान करा. खोलीतून जाता जाता खांद्यावर दोन सेकंद हात. शेजारी बसल्यावर खांद्याला खांदा. पाठीवर एक थाप. दमून आला असेल तर "पाठ दाबून देऊ?" असं विचारून. विचारणं महत्त्वाचं, नको म्हणाला तर चेहरा न पाडता "बरं", आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारायला हरकत नाही. मित्रांसमोर, शाळेच्या फाटकापाशी, फोनवर त्याचं कोणाशी बोलणं चालू असताना काहीही नको: पापा नको, लाडकं नाव नको, केस नीट करणं नको. घरातलं लाडाचं नाव चारचौघांत घेतलं तर ते नावच तो नाकारू लागतो. आजारपणात मात्र चौदाचं मूल आठचं होतं. तेव्हा कपाळावरचा हात चालतो, केसांतून फिरणारी बोटंही चालतात. बरा झाल्यावर त्याची आठवण करून देऊन चिडवू नका.

दाराचं सांगायचं तर टकटक करा, थांबा, उत्तर आलं की आत जा. टकटक आणि दार ढकलणं एकाच वेळी झालं तर त्या टकटकीला अर्थ नाही. तो नसताना खोली आवरून ठेवणं तुम्हाला माया वाटते, त्याला झडती वाटते. आठवड्यातला एक दिवस त्यानं आवरायचा म्हणून ठरवा. कपडे टोपलीत आले तरच धुतले जातील असा नियम करा, आणि मग पसारा दिसला तरी दार ओढून घ्या.

"जेवलास का?" हा प्रश्न तर आईच्या तोंडचा कायमचा. चौथ्या वर्षी ती काळजी असते, चोविसाव्या वर्षी ती फोनवरची ऊब असते, पण चौदाव्या वर्षी दिवसातून चारदा विचारला की तो पहारा होतो. आणखी एक अडचण अशी की खाऊ घालणं हाच मायेचा एकमेव मार्ग उरला, तर मुलानं ताट सारलं की आईला आपणच नाकारले गेलो असं वाटतं, आणि भूक नसण्याच्या साध्या गोष्टीचं रडगाणं होतं. हार्लो यांची पिल्लं आठवा. खायला करून ठेवा, एकदा सांगा, मग विषय सोडा. त्याला स्वतःपुरते दोन-तीन पदार्थ करायला शिकवा. शिकवताना होणारा सहवास वाढून देण्यापेक्षा जास्त पुरतो.

लाड आणि मर्यादा एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं समजू नका. डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात मांडलेलं वर्गीकरण अजून टिकून आहे: ऊबही भरपूर आणि नियमही पक्के, अशा घरांतली मुलं नुसत्या धाकातल्या किंवा नुसत्या मोकळिकीतल्या मुलांपेक्षा बरी उभी राहतात. नियम मात्र थोडे असावेत, चार-पाच: कुठे आहे हे कळवणं, रात्री फोन खोलीबाहेर, अंगावर हात टाकायचा नाही, घरातलं एक काम, ठरलेल्या वेळेला परत येणं. केस, कपडे, गाणी, खोलीच्या भिंती यांवर सोडून द्या. प्रत्येक गोष्टीवर नियम असला की कोणताच नियम नीट धरता येत नाही, आणि दिवसभर तुमच्या तोंडून त्याला फक्त सूचना ऐकू येतात. एकदा मोजून बघा: दिवसभरात तुम्ही त्याच्याशी बोललेल्या दहा वाक्यांपैकी सूचना, आठवण किंवा चूक दाखवणं यांत न बसणारी किती होती? तीनसुद्धा भरत नसतील तर त्याच्या "काही नाही"चं कोडं बरंचसं सुटलं.

भांडणं होणार. तुम्ही नको ते बोलून जाल. माफी मागताना त्यात "पण" येऊ देऊ नका. "मी ओरडले, चुकलं. पण तूही..." ही माफी नाही, भांडणाचा दुसरा भाग आहे. नेमकं काय चुकलं ते म्हणा: "मित्रांसमोर तुझ्या परीक्षेतल्या गुणांचा विषय काढला, ते चुकलं. तुला लाजिरवाणं झालं असणार. पुढे घरी, दोघंच असताना बोलेन." मग निघून जा. त्यानं लगेच "बरं" म्हणावं, मिठी मारावी अशी अपेक्षा ठेवली तर तो तुमची समजूत काढण्याच्या कामाला लागतो. त्याच्या वागण्याबद्दल जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, वेगळं.

आता "तिचेच लाड". यावर "तू मोठा आहेस ना" हे उत्तर देऊ नका. मोठं झाल्याची शिक्षा म्हणून माया गेली असाच त्याचा अर्थ होतो. "तुलाही लहानपणी असंच घेत होते" हेही नको, कारण त्याचं दुःख आत्ताचं आहे. एवढंच म्हणा: "खरंय, हल्ली तुझ्या वाट्याला माझा वेळ कमी येतो." आणि मग आठवड्यातून एकदा तास-पाऊण तास फक्त तुम्ही दोघं, बहिणीशिवाय. काय करायचं ते त्यानं ठरवायचं. अभ्यास आणि शिस्त हे विषय त्या तासाला पूर्ण बंद. पहिल्या दोन-तीन वेळा तो "काय हे" म्हणून आळस करील, किंवा सबंध वेळ गप्प राहील. तरीही रद्द करू नका. चौथ्या वेळी तोच विचारतो की नाही ते बघा. दोघांना सगळं सारखं वाटण्याच्या मागे मात्र लागू नका. सहा वर्षांच्या मुलीला मांडी लागते, त्याला विश्वास लागतो: घराची किल्ली, एखादं खरं काम, घरातल्या एखाद्या निर्णयात त्याचं मत. धाकटीचा सांभाळ हे काम म्हणून त्याच्या गळ्यात सारखं मारलं तर मात्र त्याचा राग तिच्यावर निघतो.

घर सोडल्यानंतरची धास्ती आत्ताच कशाला, असं मी म्हणणार नाही, कारण त्याची तयारी आत्ता होते. लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींवर केलेल्या प्रयोगात (२०१०) ताण आल्यावर आईचा नुसता फोनवरचा आवाजही जवळ घेण्याइतकाच उपयोगी पडला: ताणात वाढणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक उतरलं, जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. २०१२मध्ये त्यांनीच टाइप केलेले संदेश तपासले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. वय वेगळं, म्हणून जसंच्या तसं लावता येणार नाही, पण आवाजाला पर्याय नाही एवढं धरून चालायला हरकत नाही. तो बाहेर गेल्यावर रोजच्या दहा मेसेजपेक्षा आठवड्याचे दोन ठरलेले फोन बरे, तेही त्यानं ठरवलेल्या वेळी. फोनची सुरुवात "का केला नाहीस फोन?" या वाक्यानं झाली, की पुढचा फोन आणखी उशिरा येतो. सल्ला मागितला तरच द्या. तो काही चुकीचं ठरवतोय असं दिसलं आणि नुकसान भरून येण्यासारखं असलं, तर एकदा मत सांगून थांबा. आणि त्याच्याकडून घ्यायला शिका: त्यानं आणलेली वस्तू "कशाला खर्च केलास" म्हणून परतवू नका, त्यानं तुमचं एखादं काम करून दिलं तर त्यात खोट काढू नका. आयुष्यभर फक्त देणाऱ्या आईपाशी मोठ्या झालेल्या मुलाला आपली माया ठेवायला जागाच सापडत नाही.

एक गोष्ट या सगळ्याहून वेगळी काढतो. दार लावणं, गप्प राहणं हे वयाचं असतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदासपणा किंवा चिडचिड, झोप-भुकेत मोठा बदल, मित्रही तुटणं, आवडीच्या सगळ्याच गोष्टी सोडणं, अंगावर जखमांच्या खुणा, "मी नसतो तर बरं" अशी भाषा, यांतलं काही दिसलं तर ते वयावर ढकलू नका. "तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?" असं थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एखाद्या विशिष्ट माणसाच्या आसपास तो अचानक आक्रसू लागला, किंवा स्पर्शाचा एकाएकी तिटकारा आला, तरी शांतपणे चौकशी करा आणि त्यानं सांगितलेल्यावर विश्वास ठेवा.

हे किती दिवस चालेल, असा पुढचा प्रश्न असेलच. आईवडील आणि मुलांमधले खटके संख्येनं सर्वांत जास्त पडतात ते वयात येण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत, आणि पुढे कमी होत जातात. मधल्या वर्षांत मात्र खटके कमी असले तरी त्यांचा ताप जास्त असतो. तेव्हा अजून एक-दोन वर्षं जड जातील असं धरून चाला. या आठवड्यात दोनच गोष्टी करा: दारातले प्रश्न बंद, आणि दोघांचा एक तास ठरवणं. बाकीचं महिनाभरानं बघू. मध्येच एखाद्या रात्री तो आपणहून येऊन शेजारी टेकला, तर फोन बाजूला ठेवा, जरा सरकून जागा द्या आणि विषय त्याला काढू द्या.